कोणती शाळा चांगली, असं तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, आपल्या केंद्रातली झेडपीची कोणती शाळा चांगली?" यवतमाळ जिल्ह्यात केंद्रप्रमुख होते, म्हणजे आसपासच्या काही शाळांची देखरेख माझ्याकडे होती, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न यायचा. निवृत्त झाले तरी बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत तो येतोच. विचारणारे आईबाप कॉन्व्हेंटची फी आणि ऑटोचं भाडं जोडून थकलेले असतात, त्यांना एक नाव हवं असतं. मी नाव सांगत नाही. कारण एकदा मी नावं सांगितली होती, तीही क्रम लावून.

केंद्रप्रमुख झाल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. प्रत्येक शाळेत किती मुलांना वाचता येतं, किती जणांना हातच्याची वजाबाकी येते, याची टक्केवारी काढली, वरून खाली शाळा लावल्या आणि यादी शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, वाचून दाखवली. शिक्षकांना हुरूप यावा एवढाच हेतू होता. पण यादी गावोगाव पोचली. तांड्यावरची शाळा शेवटून दुसरी होती. पुढच्या जूनमध्ये तिथल्या सहा मुलांचे दाखले निघाले, ती सडकेवरच्या मोठ्या गावात गेली. पट ६३ चा ५७ झाला. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन. तांड्यावरचे तिसरे गुरुजी अतिरिक्त ठरले. सेवेत सगळ्यांत नवे म्हणून जायचं त्यांनाच होतं आणि पहिलीचा वर्गही त्यांच्याकडेच होता. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या लेकरांना ते फळ्यावर आधी 'याडी' लिहून दाखवायचे, मग शेजारी 'आई'. ते गेले आणि उरलेल्या दोघांच्या गळ्यात पाच वर्ग पडले. हे माझ्या यादीने केलं, असं मी आजही मानते.

त्या यादीतले आकडे खोटे नव्हते. पण तांड्यावर तिसरीत होती आठ मुलं. त्यातली तीन दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली आणि परत आली तेव्हा वाचन विसरलेली होती. आठात तीन म्हणजे ३७ टक्क्यांच्या वर. सडकेवरच्या गावात तिसरीत ३१ मुलं. तिथली तीन कच्ची राहिली तर १० टक्केही होत नाहीत. लहान पटाच्या शाळेत एकेक लेकरू आकडा वरखाली करतं. आपल्याकडच्या कितीतरी शाळा अशाच आहेत.

यादीत सगळ्यांत खाली होती कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची शाळा. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा, मराठीपासून फार लांबची. पोडावरचं सहा वर्षांचं पोरगं पहिल्या दिवशी वर्गात बसतं तेव्हा गुरुजींचं बोलणंच त्याला परकं असतं. ते तिसरीत अडखळत का होईना चार ओळी वाचत असेल, तर सडकेवरच्या गावातल्या, अंगणवाडीपासून मराठीत वाढलेल्या मुलापेक्षा त्याची चाल मोठी आहे. माझ्या तक्त्यात मुलाने कुठून सुरुवात केली यासाठी रकानाच नव्हता.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. रंगवलेल्या भिंती, मोठा टीव्ही, दारावर आयएसओची पाटी यांत वाईट काही नाही, लोकवर्गणीतून गावाने कष्टाने उभं केलेलं असतं ते. पण त्यावरून निवड करू नका. तिसरीच्या वर्गात बसा. सोबत गोष्टीचं एखादं साधं पुस्तक न्या, पाठ्यपुस्तक नको, कारण बालभारतीतला धडा मुलांना ऐकून ऐकून पाठ झालेला असतो. वर्गातल्या हुशार मुलीला सोडा, मागच्या ओळीतल्या मुलाला प्रेमाने वाचायला सांगा. तो अडखळला तर अडखळू दे. गुरुजी त्या वेळी काय करतात तेवढं बघा. जवळ येऊन बोट ठेवतात, की "तो असाच आहे हो" म्हणतात? मी शेकडो वर्ग पाहिले. शाळेबद्दल सगळ्यांत जास्त मला या एका क्षणाने सांगितलं.

दुसरं, कापूस वेचणीच्या दिवसांतली हजेरी विचारा. जुलैत सगळ्याच शाळा भरलेल्या असतात. वेचणीला वावरात चाललेल्या आईला थांबवून "लेकराला इथं सोडून जा" म्हणणारे शिक्षक ज्या शाळेत आहेत, तिथे त्या दिवसांतही हजेरीपट भरलेला दिसतो. पोषण आहाराची खिचडी एकदा स्वतः खाऊन पाहा. शिजवणाऱ्या ताईंची नातवंडं त्याच पंगतीत बसत असतील तर फार काळजी नको.

दोन शिक्षक आणि पाच वर्ग म्हटलं की पालक घाबरतात. घाबरण्यासारखं असतंही, विशेषतः एक जण टपाल आणि मतदार यादीच्या कामात अडकला असेल तर. पण हात बसलेल्या शिक्षकाच्या एकत्र वर्गात पहिलीतलं पोर दुसरीचा धडा कानावर पडून निम्मा शिकून जातं, हेही मी पाहिलं आहे.

आणि गेल्या साली कुणी काय सांगितलं त्यावर जाऊ नका. बदल्या झाल्या की तीच इमारत, तोच पट, पण शाळा दुसरी होते. हे वर्ष कोणाच्या हाती आहे ते विचारा.

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पहिले दोन आठवडे पुस्तकवाटपात आणि गणवेशात जातात, तेव्हा जाऊन काही कळणार नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात जा. मुख्याध्यापकांना विचारून बसा. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो, आणि एकूण समितीत निम्म्या बाया असाव्यात असा कायदा आहे, म्हणून एकटे जाऊ नका, लेकराच्या आईलाही सोबत न्या. आणि घराजवळची शाळा आधी पाहा. सडकेवरची नंतर.