बोगमाळो ते दोनापावला: पश्चिम नौदल कमांडचा गोवा

वास्कोहून बोगमाळोला जाताना दाबोळीच्या धावपट्टीला वळसा पडतो. पर्यटक इथे उतरतात आणि तडक किनारा गाठतात. आपण 'आयएनएस हंसा' या नौदलाच्या तळावर उतरलो, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. लष्करी उड्डाणांसाठी सकाळी प्रवासी विमानं थांबवली जातात, तेव्हा कुठे नौदलाची आठवण होते, तीही कपाळाला आठ्या घालून.

सोबत वास्कोचे मामा होते. नौदल विमान संग्रहालयाच्या आवारात शिरताच ते थांबले. "तें पळय मरे!" (ते बघ रे!) समोर सुपर कॉन्स्टेलेशन उभं होतं: चार पंखे, माशासारखं वाकदार अंग आणि शेपटीला एक सोडून तीन सुकाणू. एअर इंडियाचे प्रवासी नेणारं हे विमान आधी हवाई दलाकडे गेलं आणि १९७६ मध्ये सागरी टेहळणीचं काम नौदलाकडे आलं तेव्हा इथे दाखल झालं.

मला खिळवून ठेवलं ते सी हॅरियरनं. दोन्ही कुशींना दोन-दोन तोट्या. मागे वळलेल्या असल्या की विमान पुढे धावतं, खाली वळवल्या की जागीच तरंगतं. पहिली सी हॅरियर १९८३ च्या डिसेंबरात दाबोळीलाच उतरली आणि २०१६ मध्ये इथूनच निवृत्त झाली. शेजारच्या सी हॉकच्या शेपटीखाली लोखंडी आकडा आहे. विमानवाहू नौकेवर उतरताना हा आकडा आडव्या ताणलेल्या दोरात अडकला नाही, तर पुढे समुद्रच.

या विमानांचा आणि मुंबईतल्या पश्चिम नौदल कमांडचा संबंध काय, असं मामांना विचारलं. ते म्हणाले, "इथल्या साहेबाच्या दोन टोप्या." खरंच आहे ते. गोव्यातला फ्लॅग ऑफिसर (अॅडमिरल दर्जाचा अधिकारी) अख्ख्या नौदलाच्या विमानदलाचं काम पाहतो आणि गोवा क्षेत्राचा प्रमुख म्हणून मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडच्या हाताखाली असतो.

ही कमांड १ मार्च १९६८ ची. तोवर लढाऊ जहाजांचा ताफा एकच होता. पूर्वेचा स्वतंत्र ताफा १ नोव्हेंबर १९७१ रोजी, म्हणजे युद्धाच्या तोंडावर उभा राहिला. विमानवाहू विक्रांत सी हॉक घेऊन बंगालच्या उपसागरात गेली आणि पश्चिमेला व्हाइस अॅडमिरल कोहलींच्या कमांडनं ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात, वीर या छोट्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर सोडल्या. पाकिस्तानची युद्धनौका खैबर बुडाली. नौदल दिन त्याच तारखेचा. पाचच दिवसांनी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीनं आपली युद्धनौका खुकरी बुडवली. कॅप्टन मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. विजयाच्या भाषणांत ही रात्र जरा घाईनं उरकली जाते, असं माझं मत आहे.

दुपारी मासळीचं जेवण झालं (त्याबद्दल लिहायला बसलो तर नौदल बाजूला राहील) आणि आम्ही दोनापावलाला गेलो. जेट्टीवर फोटोंची झुंबड होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी याच पाण्यात आपल्या बेतवा आणि बियास या युद्धनौका पोर्तुगीजांच्या 'अफोंसो द अल्बुकर्क'वर तुटून पडल्या. तिचा कप्तान अरागाव जखमी झाला. जहाज वाचत नाही हे दिसल्यावर ते या किनाऱ्याकडे आणून रुतवलं. मामा रंगात आले होते, पण सामना बरोबरीचा नव्हता. पोर्तुगीज जहाज १९३५ चं, आपल्या दोन्ही फ्रिगेट्स जेमतेम वर्षभराच्या. पळवाट नसताना पोर्तुगीज लढले, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. पुढे जहाज भंगारात निघालं.

त्याच दिवशी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर मात्र आपल्याला मोल मोजावं लागलं. म्हैसूर आणि त्रिशूल या युद्धनौकांवरून उतरलेल्या तुकडीतले सात नौसैनिक तिथे कामी आले. बेट कागदोपत्री गोव्याचंच, पण आज ते कारवारच्या 'आयएनएस कदंब' तळाच्या आवारात येतं. "मग आपल्याला कधी नेणार?" मी विचारलं. मामा म्हणाले, "भरतीची जाहिरात आली की अर्ज कर."