मंगेशीच्या वाटेवर, मठातल्या संग्रहालयात

मंगेशीला जाणाऱ्या आपल्या गाड्या जुन्या गोव्यात अर्धा-पाऊण तास थांबतात. तेवढ्यात बॉम जेझुसची बासिलिका होते, फार तर समोरचं से कॅथेड्रल. कॅथेड्रलच्या पलीकडे, असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चला लागून असलेला, त्याच्याच पंथातल्या साधूंचा जुना फ्रान्सिस्कन मठ राहूनच जातो. माझाही दोनदा राहिला होता. या खेपेला आईला घेऊन पणजीहून सकाळच्या बसने गेले, ते मुद्दाम तेवढ्यासाठीच.

फ्रान्सिस्कन साधू इथे १५१७ साली आले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच धार्मिक संघ मोडीत काढले आणि मठ ओस पडला. १९६४ पासून इथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संग्रहालय आहे.

आधी चर्च पाहून घ्या. आजची इमारत १६६१ची, पण दाराची कोरीव काळी चौकट तिच्या आधीच्या चर्चची आहे. जमिनीत मानचिन्हं कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत, त्यामुळे चालताना नजर खालीही असू द्या.

संग्रहालयात गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कचा भलाथोरला कांस्य पुतळा आहे. पूर्वी तो पणजीत, आताच्या आझाद मैदानावरच्या मंडपात होता. बहुतेक जण इथून थेट वरच्या मजल्यावर जातात. तसं करू नका. खालची शिल्पं आणि मठाच्या चौकाभोवतालच्या ओवऱ्या हाच माझ्या मते या जागेचा प्राण आहे. गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांच्या काळातले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा), सतीशिळा, मराठी आणि फारसी शिलालेख, विष्णूची आणि उमा-महेशाची मूर्ती असं सगळं इथे आहे. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी लढाई, मग वीराला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. नौका कोरलेला वीरगळ शोधून पाहाच. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ पाहिले असतील, तर ओळख लगेच पटेल. अख्खा कोकण किनारा समुद्रावर लढत होता, हे दगडात दिसतं.

या मूर्तींपुढे आई बराच वेळ उभी होती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या तिसवाडी, बारदेश, साष्टीतली देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा लोकांनी नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला नेली. "आपण जिथे चाललोय, तो देव इकडूनच गेला ना गं?" आईने विचारलं. हो, इकडूनच. म्हणून सांगते, मंगेशीच्या आधी इथे या, नंतर नको.

वर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांची सुमारे साठ चित्रं आहेत. ही प्रथा १५४७ साली तेव्हाचा गव्हर्नर जुआंव द कास्त्रूने सुरू केली. चित्रं पुनःपुन्हा रंगवली गेल्याने चेहऱ्यांवर फारसा विश्वास ठेवता येत नाही. कपडे, चिलखतं मात्र निरखण्यासारखी आहेत. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या साधूंच्या मठात सत्ताधाऱ्यांची ही रांग पाहून मला अस्वस्थ वाटलं.

शुक्रवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा वार पाहून निघा. रविवारी सकाळी परिसरात फार गर्दी होते. मधला वार बरा. दोन तास हाताशी ठेवा. चर्चसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. फोटोंचं तिकीटखिडकीवरच विचारून घ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी जिना टाळला तरी खालचं दालन आणि ओवऱ्या निवांत पाहता येतात. आईने तेच केलं. डिसेंबराच्या सुरुवातीला सेंट झेवियरच्या फेस्ताची प्रचंड गर्दी असते, ते दिवस सोडा. पाणी, टोपी जवळ ठेवा. इमारतींमधल्या मोकळ्या हिरवळीवर ऊन चांगलंच लागतं.

ताकद उरली तर टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा आणि सांता मोनिका मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालयही आहे. आम्ही ते पुढच्या खेपेला ठेवलं आणि फोंड्याची बस धरली.