टाळ्या कामून वाजवायलेत?

“लोक टाळ्या कामून वाजवायलेत रे?”

शेंगा फोडता फोडता आईनं विचारलं. टीव्हीवर ‘द बॉइज’ या अमेरिकन सुपरहिरो मालिकेचा तिसरा सीझन चालू होता, हिंदीतून. अगदी शेवटचा प्रसंग. होमलँडर नावाच्या सुपरहिरोच्या पोराला गर्दीतल्या एकानं काहीतरी फेकून मारलं आणि या हिरोनं भर रस्त्यात डोळ्यांतल्या लेझरनं त्याचं डोकंच उडवलं. क्षणभर सगळे गपगार. मग जल्लोष.

“अगं, त्यांचा लाडका हिरो हाय तो.”

“आसंल. पण ते लेकरू बघ की. हसायलंय ते.”

ही मालिका दर सीझनला जास्तच काळी होत गेली, असं सगळेच म्हणतात आणि बहुतेक जण रक्तच मोजतात. मला रक्ताचं एवढं काही वाटत नाही. 2019च्या पहिल्या सीझनमध्ये हाच माणूस अख्खं विमान प्रवाशांसकट मरायला सोडतो, पण नंतर कॅमेऱ्यापुढं गळा काढून खोटं बोलतो. म्हणजे लोक काय म्हणतील, याची धास्ती तरी होती. 2022च्या तिसऱ्या सीझनपर्यंत खोटं बोलायची गरजच उरत नाही.

आम्ही परभणीत शक्तिमान बघत वाढलो. शेवटी तो पोरांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा. खरं सांगतो, तेवढं कंटाळवाणं वाटायचं.

मागं बसस्टँडवर लोकांनी एका पाकीटमाराला धरून बडवलं. कडेला शाळेची पोरं मोबाइलवर शूटिंग करत खिदळत होती. त्यांना कुणी हटकलं नाही. मीही नाही.

चौथा सीझन अजून बघायचा राहिलाय. आईला सोबत घ्यावं का, सांगा.