चिखलदरा, एसटीने, आईला घेऊन, तेही मंगळवारी

महाबळेश्वरचे रूमचे रेट बघून मी लॅपटॉप बंद केला आणि आईला म्हटलं, आपण चिखलदऱ्याला जाऊ. ती म्हणाली, ते कुठे आलं? अमरावती जिल्ह्यात, मेळघाटात, ११०० मीटरच्या वर उंची, आणि विदर्भातलं असल्यामुळे मुंबई-पुण्याची गर्दी तिथवर येत नाही. आईचं वय ७६, आमच्याकडे गाडी नाही, बजेट दोघींचं मिळून दहा हजार, वर घरचे सगळे सांगत होते की स्वतःच्या गाडीशिवाय तिकडे जमत नाही. जमतं, पण घाई असेल तर जाऊ नका.

दादरहून रात्रीची अमरावती एक्सप्रेस पकडली, सकाळी अमरावती. तिथून एसटीने परतवाडा, साधारण ५० किलोमीटर. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या वरच्यांना पूर्ण फुकट, आम्हाला फक्त आधार कार्ड दाखवावं लागलं. आईने ते कार्ड घरातून निघाल्यापासून पर्समध्ये सगळ्यात वर ठेवलं होतं, कंडक्टरने मागायच्या आतच काढून धरलं. मग त्याने शून्य रुपयांचं तिकीट दिलं ते तिने घडी करून पाकिटात ठेवलं, फेकायचं नाही म्हणे.

परतवाड्याला मात्र गाडं अडलं. पुढची बस होती पण ती त्या दिवशी आलीच नाही, का ते कोणी सांगेना. चौकशीच्या खिडकीवर विचारलं तर "येते ना बाप्पा, बसा तुम्ही" एवढंच. दीड तास बसलो. शेवटी बाहेर चिखलदऱ्याला जाणाऱ्या शेअरिंगच्या जीप लागतात त्यातली एक मिळाली, आईला ड्रायव्हरशेजारची सीट आणि मी मागे दोन पोती आणि एका कोंबडीसोबत. घाट सुरू झाला आणि खालचा उकाडा कुठे गेला कळलंच नाही, काचेतून ढग आत यायला लागले, आईने शाल काढली. सप्टेंबरचा शेवट होता हो! अमरावतीत घाम पुसत होतो आम्ही.

रूम मी आधी फोनवर बुक केली होती. पोचल्यावर मालक म्हणाले, तुमचं नावच नाही लिहिलेलं. मग कळलं की मंगळवारी सगळंच रिकामं असतं त्यामुळे ते लिहितच नाहीत. १२०० ला दोन बेडची रूम, गरम पाणी सकाळी बादलीने. शनिवारी हीच रूम केवढ्याला देता विचारलं तर हसून म्हणाले, २५००, तरी मिळत नाही. बाकी सगळं सोडा, हा एकच मुद्दा लक्षात ठेवा, सोमवार ते गुरुवार जा. आणि कॅश न्या! माझ्या सिमकार्डला गावातल्या एका चौकात उभं राहिल्यावरच रेंज यायची, चहाचे वीस रुपये यूपीआयने द्यायला मी छत्री धरून त्या चौकात गेले आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी जीप केली, अर्ध्या दिवसाचे १५०० सांगितले, चौदाशेवर आले. इथे सगळे "पॉईंट करायचे का" असंच विचारतात. देवी पॉईंटला दरीच दिसली नाही, नुसतं पांढरं, पण कड्याखाली देवी आहे आणि वरच्या खडकातून पाणी ठिबकत असतं, तिथे आई बराच वेळ बसली. भीमकुंडावर ड्रायव्हरने कीचकाची गोष्ट सांगितली, भीमाने त्याला मारून दरीत टाकलं म्हणून कीचकदरा, त्याचं चिखलदरा, आणि मग या कुंडात हात धुतले. मला वाटायचं चिखल असतो म्हणून चिखलदरा. (चिखलही होता, माझी चप्पल साक्षीला आहे.) पंचबोल पॉईंटला ओरडलं की आवाज पाच वेळा परत येतो म्हणतात. मी ओरडले, तीनदाच ऐकू आलं. आई आधी लाजत होती, आजूबाजूला कोणी नाही बघून जोरात "अगं बाई" असं ओरडली आणि दरीतून अगं बाई अगं बाई येत राहिलं, त्यावर ती इतकी हसली की खाली बसावं लागलं.

गाविलगड मी एकटीच गेले, आईला तेवढं चालवलं नसतं. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या इंग्रजी फौजेने तो घेतला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दरवाज्यावरची शिल्पं बघायला थांबा, घाईत निसटतात. मी आत तासभर फिरले, भेटल्या त्या फक्त गाई. जंगल आहे, त्यामुळे एकट्याने आत फार लांब जाऊ नका, मीही तळ्यापाशी जाऊन परत फिरले.

कॉफीचं एक सांगायचं राहिलं. इथे कॉफीची झाडं आहेत, इंग्रजांच्या काळापासून, आईला ती खरी वाटेनात म्हणून पान हातात घेऊन बघितलं. मग मोठ्या हौसेने रूमवर कॉफी मागवली तर आली पुडीतली. खवा मात्र गवळ्यांकडून घेतला तो अस्सल, अर्धा किलो घरापर्यंत टिकेल असं वाटलं होतं, अमरावतीलाच संपला.

तिसऱ्या दिवशी काहीच केलं नाही. शक्कर तलावापाशी बसलो, आईने शेजारच्या बाईकडून तिच्या सुनेची पूर्ण माहिती काढली, दुपारी भजी. परतीची बस वेळेवर आली, तिने आधीच आधार कार्ड हातात धरलेलं. सगळा खर्च नऊ हजारांच्या आत बसला, त्यात आईची शून्य रुपयांची तिकिटं आहेत, ती अजून तिच्या पाकिटात आहेत.