फिंचा हबेरा: बर्फाच्या शेजारी मांडलेली चूल

दिन्शो गाव मागे पडलं की वेब नदीचं खोरं उघडत जातं. इथिओपियाच्या बाले पर्वतात बहुतेक लोक लांडगे पाहायला येतात. मला ओढ होती फिंचा हबेराच्या कपारीची. उंची 3,469 मीटर. चढ फारसा नाही, तरी धाप लागते आणि ऊन ढगाआड गेलं की बोटं गारठतात.

कपार लाव्हाच्या काळ्या खडकातली. सह्याद्रीत हिंडलेल्याला लगेच ओळखीची वाटेल. गुराखी आजही तिच्या आडोशाला रात्र काढतात. याच जमिनीखाली चुलींचे अवशेष, दगडी हत्यारं, जळकी हाडं आणि माणसाची वाळलेली विष्ठासुद्धा सापडली. काळ 47,000 ते 31,000 वर्षांपूर्वीचा. 2019 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं, तोवर इतक्या उंचीवर माणूस फार उशिरा राहू लागला असं मानलं जाई.

हाडं मुख्यतः कुणाची, ते वाटेतच दिसलं होतं. इथला मोल रॅट घुशीसारखा, पण चांगला गुबगुबीत, जवळजवळ किलोभराचा. बिळातून डोकं काढतो, तोंडाजवळचं गवत ओढतो आणि गडप होतो. आमच्यासमोर एक तांबूस लांडगा अशाच बिळापाशी कितीतरी वेळ दबा धरून बसला होता. वाटाड्या म्हणाला, "लांडग्याचं पोट यांच्यावरच चालतं." कपारीतली माणसंही हेच धरत आणि भाजून खात.

त्या काळात वरच्या शिखरांवर हिमनद्या होत्या. खाली कोरडं पडलं तरी इथे वितळलेल्या बर्फाचं पाणी मिळे. अन्न पायाखाली, पाणी बाजूला. ही माणसं इथे जीव वाचवायला कशीबशी चढली असं मला वाटत नाही. त्यांनी ही जागा पारखून निवडली होती.

हत्यारांचा दगड तर जास्तच बोलका आहे. ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, ती 4,200 मीटरच्याही वरून आणलेली. चांगल्या धारेसाठी ती माणसं हिमनद्यांच्या शेजारापर्यंत जात होती आणि दगड घेऊन परत कपारीत येत होती.

बालेला गेलात तर सानेट्टी पठार गाठायची घाई करू नका. वेब खोऱ्यासाठी एक अख्खा दिवस राखा, घोडा आणि वाटाड्या दिन्शोतच ठरवा.