रब्बी मका, पाच गुंठे: खत तीन बोटं बाजूला

१२ नोव्हेंबर
यंदा खताची मात्रा तीच ठेवायची, जागा तेवढी बदलून बघायची. हेक्टरी १२०:६०:४० (किलो नत्र, स्फुरद, पालाश) धरलं तर स्फुरदासाठी पाच गुंठ्यांना साडेसहा किलो डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) लागतं. ओळी ७५ सेंटिमीटरवर, म्हणजे सगळ्या मिळून पावणेसातशे मीटर. मीटरला जेमतेम १० ग्रॅम! औषधाच्या बाटलीचं १० मिलीचं झाकण भरलं की साधारण तेवढंच खत मावतं, त्यामुळे मापाचा प्रश्न मिटला.

तीन पट्टे केले. पहिल्यात खत फेकून वखराची पाळी दिली, म्हणजे ते वरच्या मातीत मिसळलं. दुसऱ्यात बी आणि खत एकाच चरात. तिसऱ्यात खत बियाच्या ५ सेंटिमीटर बाजूला आणि ५ सेंटिमीटर खाली. दोन चाडी पाभर (बी आणि खत एकदम पेरणारी) नाही, म्हणून सायकल कोळप्याचं, म्हणजे तण काढायच्या चाकाच्या हातऔजाराचं, पातं काढून टोकदार दात बसवला. चर, खत, माती, मग दोरी तीन बोटं सरकवून टोकणी, म्हणजे एकेक बी हाताने खोचणं. कंबर गेली.

२१ नोव्हेंबर
प्रत्येक पट्ट्यात ५० टोकण्या मोजल्या. पहिल्यात उगवल्या ४६, तिसऱ्यात ४७, दुसऱ्यात ३१. तिथलं बी उकरलं तर फुगलेलं, पण मुळाचं टोक तपकिरी. डीएपीसोबत थोडा युरियाही होता. क्षारांनी बियाजवळचं पाणी ओढलं आणि अमोनियाने कोवळं मूळ भाजलं. बी चांगलं होतं, जाळलं मी. आता नांगे भरत, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावत बसा.

१४ डिसेंबर
थंडी पडली आणि पहिल्या पट्ट्यातली पानं कडेने जांभळी झाली, म्हणजे स्फुरद कमी पडलं. स्फुरद मातीत जागचं हलत नाही. त्यात आमची जमीन चुनखडीची, ढेकळावर लिंबू पिळलं तर फसफसते. तिथे ते लवकर अडकून बसतं. फेकलेलं खत वरच्या थरात विखुरलं, आणि गारठ्यात मुळं पसरतात सावकाश. तिसरा पट्टा हिरवा आहे. एक रोप उपटलं तर खताच्या रेघेत मुळांचा झुपका!

पण त्याच पट्ट्यात चार ओळी जांभळ्या दिसल्या. उकरून बघितलं तर दोरी सरकलेली, खत १२ सेंटिमीटर लांब पडलेलं. ही चूक मला या हंगामातली सगळ्यात कामाची वाटते. मुद्दाम ठरवून असा चौथा पट्टा मला सुचला नसता.

नत्राचा दुसरा हप्ता आज दिला, सव्वाचार किलो युरिया. तो मात्र ओळीपासून मुद्दाम १० सेंटिमीटरवर, कारण नत्र पाण्याबरोबर मुळांपर्यंत येतं. मातीआड केला, कारण अशा जमिनीत उघड्यावर अमोनिया उडून जातो. मग हलकं पाणी सोडलं.

वडील विचारतात, दोरी धरून किती एकर पेरणार? कोळप्याच्या दातामागे नळा बसवून खत सोडायचं डोक्यात आहे, पण ओल्या मातीने नळ्याचं तोंड बुजतं. कुणी जमवलं असेल तर नळ्याचा कोन किती ठेवलात ते सांगा.