कूलर प्रकल्प, नोंद 6: कोणती आकृती काढायची?

घरच्या कूलरचा पंप तापमान आणि टाकीतलं पाणी बघून आपोआप चालू-बंद व्हावा, असा हा प्रकल्प. मागच्या रविवारी भर दुपारी लाईट गेली. कूलर बंद पडला म्हणून आईने टाकी रिकामी करून धुवायला घेतली. पाऊण तासाने लाईट आली आणि कोरड्या टाकीत पंप घरघरायला लागला. आवाज ऐकून आईनेच बटण बंद केलं, म्हणून पंप वाचला. पण फ्लोट स्विच (टाकीत पाणी आहे की नाही ते सांगणारा तरंगता स्विच) बसवलेला असताना पंप कोरडा चाललाच कसा? हे शोधण्यात आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी गेल्या. नागपूरच्या मे महिन्यात पंप जळाला तर ताट्या कोरड्या, आणि मग घरात बसवत नाही.

मांडणी आधीच्या नोंदींतलीच आहे. कूलरवर ईएसपी32 (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड), त्याला डीएस18बी20 हा तापमानाचा सेन्सर, फ्लोट स्विच आणि पंपाचा रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर पंपाची वीज जोडणारा स्विच). हॉलमध्ये रास्पबेरी पाय हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’), त्यावर मॉस्किटो ब्रोकर (एमक्यूटीटी पद्धतीने आलेले निरोप इकडून तिकडे पोचवणारा प्रोग्राम), निर्णय घेणारा पायथनचा प्रोग्राम आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस. भिंतीवर चिकटवलेली आकृती सायमन ब्राउन यांच्या सी4 या सॉफ्टवेअरची रचना काढायच्या पद्धतीतली, कंटेनर पातळीची. (कंटेनर म्हणजे इथे स्वतंत्र चालणारा प्रोग्राम किंवा डेटा साठवायची जागा, एवढाच अर्थ.) तिच्यासमोर मी दोन दिवस उभा राहिलो. एकही चौकोन चुकीचा नव्हता, एकही बाण चुकीचा नव्हता. कोण कोणाशी बोलतं ते ती नीट सांगत होती. आधी कोण बोलतं, हे तिच्यात लिहिलेलंच नसतं.

धागा सापडला डेटाबेसमध्ये. लाईट आली त्या मिनिटाला तापमान होतं 85.0. डीएस18बी20 वापरणारे हा आकडा ओळखतील: वीज मिळाल्यावर त्या सेन्सरमध्ये आधी 85 च असतं, आणि 12 बिटचं खरं मोजमाप व्हायला 750 मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. माझा कोड तेवढं थांबत नव्हता. पंप काही त्या 85 मुळे सुरू झाला नाही, घर तसंही तापलेलंच होतं. पण ईएसपी32 नेमका कधी जागा झाला, ते त्यावरून पक्कं कळलं.

मग सिक्वेन्स डायग्राम काढली, म्हणजे कोणता निरोप कोणत्या क्रमाने जातो ते दाखवणारी आकृती. अख्ख्या प्रकल्पाची नाही, फक्त लाईट आल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाची. ईएसपी32 उठतो, तापमान पाठवतो. पाय बघतो: घर गरम, टाकी भरलेली, पंप चालू कर. टाकीची पातळी मी दर 10 मिनिटांनी पाठवत होतो, त्यामुळे ती यायची बाकीच होती. पायकडे होती ती लाईट जाण्याआधीची.

ती शिळी पातळी पायकडे का राहिली, हे कळायला तिसरी आकृती लागली, डिप्लॉयमेंटची. कोणती वस्तू कुठे आहे एवढंच मांडणार होतो, पण सोबत वीज कुठून येते तेही काढलं. पाय आणि राउटर इन्व्हर्टरवर, कूलर थेट मेन लाईनवर. म्हणजे लाईट गेली की अर्धा प्रकल्प मरतो आणि अर्धा जुनं सगळं लक्षात ठेवून जागा राहतो. इन्व्हर्टरभोवती तुटक रेघ ओढली आणि चूक समोर दिसली. त्याच कागदावर आणखी एक गोष्ट खुपली: फ्लोट आणि रिले एकाच बोर्डवर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, आणि निर्णय मात्र राउटरमार्गे हॉलमध्ये जाऊन परत येत होता.

दुरुस्ती तिथेच केली. फ्लोट कोरडा असेल तर हुकूम कोणाचाही असो, ईएसपी32 रिले ओढत नाही. जोडणी झाली की पातळी आधी जाते, तापमान मागून. एमक्यूटीटीचा लास्ट विलही (जोडणी तुटली की ब्रोकरने आपल्या वतीने पाठवायचा निरोप) लावला, कूलर गायब झाला की पाय जुनी पातळी पुसतो. पण भरवसा त्याच्यावर ठेवू नका. कीप-अलाइव्ह (जास्तीत जास्त किती वेळ गप्प राहायचं ती मुदत) 60 सेकंद असेल तर ब्रोकर दीडपट, म्हणजे 90 सेकंद वाट बघतो, आणि आमच्याकडे लाईट पुष्कळदा त्याआधीच येते.

यूएमएल 2.5 या सॉफ्टवेअरच्या आकृत्यांच्या प्रमाण पद्धतीत आकृत्यांचे 14 प्रकार आहेत. त्यातली क्लास डायग्राम (कोडचे भाग आणि त्यांची नाती दाखवणारी) सुरू केली होती, ती सोडून दिली. चार फंक्शनच्या कोडला ती काही सांगत नव्हती. नव्या दोन्ही आकृत्या मर्मेडमध्ये (मजकुरातून आकृती काढणारं साधन) लिहून कोडसोबतच गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवल्या आहेत, वायर बदलली की त्याच कमिटमध्ये, म्हणजे त्याच नोंदीत, आकृतीही बदलते.

काल दुपारी टाकी रिकामी केली, कूलरचा मेन स्विच पाडला, पाच मिनिटांनी चढवला. रिलेचा टक् आवाज आला नाही. डेटाबेसमध्ये पहिली ओळ पातळीची, शून्य. दुसरी तापमानाची, 38.4.